गोड्या पाण्यातली मेंदी

किस्से काही कुणी जमवायला बसत नाही. शिवणाच्या डब्यात सुटी बटणं साठतात ना, तसे ते आपोआप साठतात. एक पांढरं बटण हवं म्हणून डबा उघडावा आणि तासभर दुसरीच बटणं चिवडत बसावं, असं आमचं होतं. परवा भाचीने फोनवर सहज विचारलं, "मावशी, केस मऊ राहायला मेंदीत काय काय घालायचं गं?" प्रश्न दोन मिनिटांचा. मी पाऊण तास बोलले, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की कृती सांगायची राहिलीच!

तर ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही भाईंदर पूर्वेला गोडदेवात नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. दुसरा मजला, वन रूम किचन. गावाचं नाव गोडदेव, आणि बोअरचं पाणी इतकं खारट की त्यात डाळ शिजायची नाही. नळाला दिवसाआड अर्धा तास पाणी यायचं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. बाकी सगळ्याला बोअर. वर्षभरात आमच्या मजल्यावरच्या तिघींच्या केसांचा काथ्या झाला.

तिघी म्हणजे एक मी. रत्नागिरीकडची, बोरिवलीला एका वकिलांकडे मराठी टायपिस्ट. शेजारी विमल गायकवाड, नांदेडकडची, घरातच पाळणाघर चालवायची. आणि समोर हंसाबेन. त्यांचं भाईंदर पश्चिमेला कापडाचं दुकान होतं. बाई मनाने सोनं, पण गप्प बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या मिस्टरांनीही पाहिलं नसावं.

*

मेंदीचं खूळ सुरू झालं ते विमलच्या आईमुळे. तिला आम्ही सगळ्याच माय म्हणायचो. दरवर्षी सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर यायला गावाहून माणसं निघायची, त्यात माय असायची. दोन दिवस लेकीकडे राहून परत जायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूस तिला सावलीसारखं दिसायचं. विमल नुसती मागे लागली होती, "माय, इथंच राहा, ऑपरेशन करून टाकू." डॉक्टरांनीही सांगितलं होतं, फार लांबवू नका.

त्या वर्षी निघायच्या दिवशी मायने लेकीचं डोकं तेल लावायला पुढ्यात घेतलं, आणि तिचा हात थांबला.

"विमल, ह्ये केस हायेत का केरसुणी?"

"पाणी खारट आहे गं माय."

"पाण्यावर नको घालूस. सुखात असलेल्या बाईचे केस असे नसतेत. काहून लपवायलीस?"

विमलने परोपरीने सांगितलं. नवरा चांगला आहे, घर स्वतःचं आहे, सगळं ठीक आहे. माय ऐकेना. पिशवी उचलून म्हणाली, "जिथं माझ्या लेकीचं डोकं धुवायला पाणी न्हाई, तिथं मी डोळे धुवायला येऊ व्हय?" आणि गेली की निघून!

विमल माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. "पुढच्या डिसेंबरला तिच्या हाताला माझे केस मऊ लागले पाहिजेत. नाहीतर ही बाई हट्टापायी आंधळी होईल." मी म्हटलं, डोळे पूस. वर्ष आहे आपल्या हातात. दर महिन्याचा दुसरा रविवार, मेंदी!

*

मेंदीची कृती मी ऑफिसच्या टाइपरायटरवर टाइप केली. वकिलाकडे काम करून करून माझ्या बोटांना एकच भाषा यायची. "सदर मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवावी. वर नमूद केलेल्या मेंदीत आवळा पावडर, भिजवून वाटलेली मेथी व जास्वंदीची पाने मिसळावीत." खाली सहीला जागासुद्धा सोडली होती.

एकदम चार प्रती काढल्या. आमच्या ऑफिसची शिस्त अशी की मूळ प्रत फाइलला. त्याप्रमाणे मूळ प्रत मी फाइलला लावून मोकळी झाले! दुसरी मला, तिसरी हंसाबेनना, आणि कार्बनची सगळ्यात पुसट चौथी विमलला.

आता आमच्या मशीनची स्वल्पविरामाची कळ तुटलेली होती. त्यामुळे मी टाइप केलं होतं, "दही अंडी". चौथ्या प्रतीत दहीवरच्या वेलांटीचा वरचा वळसा उठलाच नाही, नुसता काना उठला.

विमलने वाचलं, "दहा अंडी".

आणि घातली की तिने! मोजून दहा! वर ते सगळं धुतलं कढत पाण्याने. अंडं ते अंडंच, कढत पाणी पडल्यावर दुसरं काय होणार? दीड तास मी आणि हंसाबेन तिच्या केसांतून पांढरे-पिवळे तुकडे वेचत होतो. हंसाबेननी तर नाकाला पदर लावून वेचले.

विमलचा नवरा दारात उभा राहून शांतपणे बघत होता. जाता जाता म्हणाला, "पुढच्या वेळी कांदा-मिरची घाल. पाव मी आणतो."

*

हंसाबेन पक्क्या शाकाहारी. घरात कांदासुद्धा नाही. कृतीत 'अंडी' आहे म्हटल्यावर त्या "हाय हाय!" करून दोन पावलं मागे सरकल्या, आणि तो शब्द त्यांनी पेनाने असा खोडला की कागद फाटला.

त्या दिवसापासून गच्चीवर दोन मेंद्या. आमची कढईतली आणि त्यांची स्टीलच्या पातेल्यातली. ब्रश वेगळा, वाटी वेगळी. आमची कढई त्यांच्या सतरंजीला लागली तर सतरंजी धुवायला! "मेरेको नॉनव्हेज मेहंदी नहीं चलेगी, बेन. तुम लोग लगाओ, मैं कुछ बोलती नहीं," असं त्या तासभर बोलत राहायच्या.

पण गंमत अशी की चार-पाच महिन्यांत हंसाबेनचे केस आमच्यापेक्षा मऊ झाले. थोडेथोडके नाहीत, चांगले रेशमासारखे! मी हात लावून पाहिला, विमलने पाहिला. आम्ही अंडी घालून थकलो, आणि ही बाई नुसत्या दह्यावर इतकी पुढे कशी गेली?

"हंसाबेन, तुम्ही वेगळं काय घालता हो?"

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "कुछ नहीं. सब भगवान की कृपा."

आम्ही दोघींनी मुकाट्याने दह्याचं प्रमाण वाढवलं.

*

आमच्या गेटजवळ बयआजी भाजी घेऊन बसायची. जुन्या गोडदेवातली. जास्वंदीची पानं तीच आणून द्यायची. एकदा तिने विमलचे केस चिमटीत धरून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अगो, बोरिंगच्या खाऱ्या पान्यान भिजवतंस, नि मंग मऊ न्हाय व्हत म्हंतंस? गोड्या पान्यान भिजव!"

मला अर्थ कळला, विमलला कळला. खारं नसलेलं, ते गोडं पाणी. हंसाबेन आमच्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. म्हटलं, यांनाही कळलं.

रविवारी आम्ही तिघी डोक्याला मेंदी थापून गच्चीवर उन्हात बसलो. दहाएक मिनिटांत हंसाबेन मान खाजवायला लागल्या. मग कान. मग एकदम उठून नाचायलाच लागल्या. जवळ जाऊन बघते तर टाकीच्या भिंतीवरून मुंग्यांची रांग निघालेली, ती सरळ सतरंजीवर, आणि तिथून हंसाबेनच्या वेणीच्या जागी!

"हंसाबेन, मेंदीत काय घातलंत?"

"वो आजी ने बोला ना, गोड पानी में भिगोने का! दो वाटी शक्कर डाली!"

आम्हाला हसू आवरेना. त्या मात्र भडकल्या. "हसती क्यों हो? हम दाल में डालते हैं, मेहंदी में डाली तो क्या हुआ?"

बयआजीला हे कळलं तेव्हा ती भाजी तोलायची थांबून पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, "माझ्या आळीत बाव हाय. उनाल्यात बी पानी गोडं. कॅन घेऊन या, कोन न्हाय बोलनार न्हाय." तिच्या आळीतली ती विहीर आम्हाला मिळाली आणि खरा फरक तेव्हापासून पडला. आम्ही दर रविवारी दोन-दोन कॅन आणायचो. मेंदी त्यात भिजवायची आणि शेवटचं पाणीही तेच. विमल रोज सकाळी वेणी घालण्याआधी केस हातात घेऊन अंदाज घ्यायची. दसऱ्यापर्यंत तिचे केस खरंच मऊ झाले होते. ती खूश, म्हणून आम्हीही खूश!

*

माझी कढई सासूबाईंनी गावाहून दिलेली, चांगली खोल. शनिवारी मेंदी भिजवली की रविवारी सकाळी वरून काळपट, आतून हिरवी आणि मस्त घट्ट व्हायची. एका रविवारी मी ती ओट्यावर झाकून ठेवली आणि बाजारात गेले.

परत आले तर आमचे हे ताटात भाकरी घेऊन बसलेले. कोकणातला माणूस, अळूच्या फदफद्यासाठी कुठेही जाईल. कढईचं झाकण उघडं.

"अहो, खाल्लंत की काय!"

"दोन घास खाल्ले," हे विचार करत म्हणाले. "आंबट चांगलं झालंय. पण तू मीठच घातलं नव्हतंस. मी घातलं दोन चमचे, नीट ढवळून ठेवलंय."

दोन चमचे मीठ! ज्या मिठापायी आम्ही कॅन उचलून उचलून दंड दुखवून घेतले होते, ते यांनी स्वतःच्या हाताने ढवळून दिलं!

बरं, घास हाताने घेतलेले. पुढचे आठ दिवस यांच्या उजव्या हाताची बोटं लालभडक. ऑफिसमध्ये जो तो विचारायचा, "घरात कुणाचं लग्न?" आणि हे खाली बघून म्हणायचे, "लांबच्या नात्यात."

*

एकदा नेमकी मेंदी डोक्यावर असताना बोअरचा पंप जळाला. कॅनमधलं पाणी अर्ध्या डोक्यालाही पुरणार नव्हतं. मेंदी वाळून कवटीला ओढ बसायला लागली. तिघींनी डोक्याला हंसाबेनच्या दुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि सरळ सोसायटीच्या सेक्रेटरींच्या दारावर गेलो. पिशव्यांवर ठळक अक्षरात छापलेलं होतं, 'एकदा याल तर पुन्हा याल'.

सेक्रेटरी पेपर वाचत बसले होते. डोक्यावर एक केस नाही, टक्कल अगदी लख्ख. म्हणाले, "मेकॅनिक संध्याकाळी येईल. तोपर्यंत थांबा की जरा. एवढी काय घाई?"

मी सोसायटीच्या नियमांवर बोलणार होते. चांगली वाक्यं मनात जुळवली होती. पण हंसाबेन पुढे झाल्या.

"आपको रुकने में क्या है, भाईसाब? आपके सर पे तो कुछ रुकता ही नहीं!"

आतून सेक्रेटरींच्या बायकोचं हसणं आलं, आणि पाठोपाठ ती स्वतः आली. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या होत्या.

*

आणि मग डिसेंबर आला.

माय पाच तारखेला आली. एकटी नाही, गावची पंधरा माणसं घेऊन. विमलच्या एका खोलीत पंधरा जण आणि पाळणाघराचे पाळणे! दोन दिवस विमलने भाकऱ्या थापल्या, अंथरुणं घातली, चहा केला. विहिरीच्या गोड्या पाण्याचे दोन्ही कॅन तिने केसांसाठी जपून ठेवले होते. ते तिने पाहुण्यांना प्यायला दिले. आणि सात तारखेला पहाटे, स्टोव्हपुढच्या घामाने जीव नकोसा झाला म्हणून, बोअरच्या पाण्याने डोक्यावरून अंघोळ केली.

सकाळी माय गच्चीवर उन्हात जाऊन बसली आणि खाली निरोप आला, "तेलाची वाटी आण, आणि डोकं आण तुझं."

विमल धावत माझ्याकडे आली. केस पुन्हा राठ, चेहरा पांढरा पडलेला. "वर्ष फुकट गेलं गं. संध्याकाळी ती गावाला निघून जाईल, आणि मग झालंच." मला काही सुचेना.

सुचलं हंसाबेनना. त्यांनी आदल्याच दिवशी मेंदी लावून केस धुतले होते, रेशीम नुसतं! त्या म्हणाल्या, "माय को दिखता तो है नहीं. मैं बैठती हूं."

"आणि बोललात तर?"

"नहीं बोलूंगी," हंसाबेन म्हणाल्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पण दुसरा इलाज नव्हता. त्यांनी हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या आणि ओठ घट्ट मिटले.

गच्चीवर हंसाबेन मायच्या पुढ्यात पाठ करून बसल्या. मी आणि विमल पाण्याच्या टाकीशी, चार हातांवर. मायने डोक्यावर हात ठेवला. फिरवला. पुन्हा फिरवला.

"लोण्यावानी मऊ झालेत गं," माय म्हणाली, आणि माझ्या बाजूला विमलने श्वास सोडला.

"तेल कुठाय विमल?"

"तुझ्या उजव्या हाताला बघ, माय!" विमल सवयीने बोलून गेली. टाकीपासून!

मायचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरायला लागला. मग तिने तो नाकाशी नेला.

"अंडं लावायलीस का?"

हंसाबेननी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही!

"लावलंय. लिंबाच्या पाण्यानं धुवावं, वास ऱ्हातो. किती घातलं होतंस?"

हंसाबेन हलल्या नाहीत. मी आणि विमल त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांचे कान हळूहळू लाल झाले. मग त्यांनी, माय बघू शकत नाही हे विसरून, हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

माय त्यांच्या केसांवरून हात फिरवत होती.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "आता ऊठ बाई. माझ्या लेकीला बसू दे."

विमल जाऊन बसली. मान इतकी खाली, की हनुवटी छातीला टेकलेली. मायने तिचे केस दोन्ही हातांत घेतले, बोटांत चोळले, मुळापर्यंत बोटं घालून पाहिले. मी हंसाबेनच्या बांगड्या मुठीत गच्च धरून उभी.

"वरून राठ हायेत," माय म्हणाली. "आतून न्हाईत." मग जरा थांबून, "काल त्या कॅनमधलं पाणी पेले मी. गोड होतं. ते तुझ्या डोक्याचं होतं, न्हाई का?"

विमलने नुसतं "हूं" केलं.

मायने वाटीत बोटं बुडवली आणि तेल जिरवायला सुरुवात केली. सावकाश, या कानापासून त्या कानापर्यंत. ऊन चांगलं चढलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"दवाखान्यात कधी जायचं म्हनलीस?"

"सोमवारी," मीच घाईघाईने सांगितलं.

मायने मान डोलावली. मग हंसाबेन ज्या बाजूला उभ्या होत्या, बरोबर त्या बाजूला तोंड करून म्हणाली,

"हिला बी संगं घ्या. लई गुमान बसती."